त्रेचाळीस सांगितले, चौतीस लिहिले

दुसरीच्या वर्गात बाई "त्रेचाळीस लिहा" म्हणतात आणि दोन-तीन पाट्यांवर 34 उमटतात. वहीत शेरा पडतो, 'अंक उलटे लिहितो'. 'तारे जमीं पर' 2007 मध्ये आला तेव्हापासून डिस्लेक्सिया हा शब्द आपल्या घराघरांत ओळखीचा झाला आहे, त्यामुळे आईच्या पोटात लगेच गोळा येतो. पण ते मूल जे ऐकते आहे तेच लिहिते आहे. 'त्रे' आधी ऐकू आले, तीन लिहिले. 'चाळीस' मागून आले, चार लिहिले. उलटेपणा आपल्या संख्यानामांत आहे. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो.

म्हणून शेरा लिहिण्याआधी एक गोष्ट करून पाहा. मुलासमोर दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि काही सुट्या काड्या ठेवा आणि "मला त्रेचाळीस काड्या दे" म्हणा. चार गठ्ठे आणि तीन सुट्या दिल्या, तर संख्या त्याला कळली आहे. अडचण फक्त नावावरून अंकांकडे जाताना होते, ती सरावाने सुटेल. तीन गठ्ठे आणि चार सुट्या दिल्या, तर नावाचाच अर्थ लागलेला नाही. आणि ते एकेक काडी मोजत बसले, बाविसाच्या आसपास चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तर गठ्ठा म्हणजे दहा हे अजून त्याच्या मनात बसलेलेच नाही. पाटीवरची चूक तिघांचीही एकच, 34. शिकवायचे मात्र तिघांना वेगवेगळे. पहिली-दुसरीत मागे पडणाऱ्या मुलाच्या अभ्यासक्रमाविषयी मला जे सांगायचे आहे, ते एवढेच आहे: चूक मोजू नका, मूल कोणत्या पायरीवर उभे आहे ते शोधा आणि पुढची पायरी त्याच्या पावलाएवढी करा. बाकीचा लेख हे कसे करायचे याबद्दल आहे.

बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन दिले, तेव्हा विधिमंडळापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत केवढे विनोद झाले ते अनेकांना आठवत असेल. समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. जुनी नावे पुस्तकातून काढून टाकलेली नव्हती, पण ते ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती. माझे मत विचाराल तर अडखळणाऱ्या मुलांसाठी ती कल्पना सोन्यासारखी होती. कन्नड मूल 'इप्पत्तोंदु' म्हणते, म्हणजे वीस आणि एक, बोलायचे तसेच लिहायचे. मराठी मुलाला शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक नाव सुटे पाठ करावे लागते. त्यातच एकोणतीस म्हणताना तोंडात तीस आणि पाटीवर सुरुवातीला दोन. एकोणऐंशीपर्यंत आणि पुढे एकोणनव्वदलाही हा एकोणाचा नियम पाळून झाला, की नव्व्याण्णव तो मोडते. हुशार मूल या सगळ्यातून निभावून जाते. ज्याची ऐकलेले लक्षात ठेवण्याची ताकद थोडी कमी आहे, ते इथे गळते. तेव्हा वर्गात दोन्ही नावे खुशाल वापरा. 'चाळीस तीन' म्हणत चार गठ्ठे आणि तीन काड्या ठेवू द्या, मग 'यालाच त्रेचाळीस म्हणतात' सांगा. परीक्षेपुरते मोठे नाव येईल, घाई नाही.

पण त्याआधी कान आणि डोळे. शिकवण्याच्या पद्धती बदलत बसण्यात वर्ष घालवायचे आणि मग कळायचे की मुलाला फळाच दिसत नव्हता, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिले आहे. साधी चाळणी वर्गातही करता येते. मुलाच्या मागे उभे राहून, ओठ दिसणार नाहीत असे, हळू आवाजात "खडू आण" म्हणा, एकदा डाव्या बाजूने, एकदा उजव्या. मागच्या भिंतीशी उभे करून एकेक डोळा झाकायला सांगा आणि फळ्यावरच्या चित्रात काय आहे ते विचारा. कान सतत वाहत असेल, तर 'सर्दी आहे, जाईल' म्हणून सोडू नका. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. काही मुले बोलता-बोलता काही सेकंद नुसती शून्यात पाहतात, हाक ऐकू येत नाही, मग काहीच न झाल्यासारखी पुढे चालू लागतात. दिवसातून असे अनेकदा होत असेल, तर ते 'लक्ष नसणे' नसून फिट्सचा एक प्रकार असू शकतो, बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला, त्याचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. पथक यायच्या दिवशी ही निरीक्षणे कागदावर तयार ठेवा, नाहीतर वजन-उंचीच्या गडबडीत तुमचे मूल दोन मिनिटांत तपासून पुढे जाते. तिथून पुढची चिठ्ठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची मिळते.

वयही पाहा. महाराष्ट्रात 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिलीत प्रवेश मिळतो. म्हणजे डिसेंबरात जन्मलेले मूल साडेपाच वर्षांचे असताना जवळजवळ साडेसहा वर्षांच्या मुलाशेजारी बसते. या वयात वर्षभराचे अंतर म्हणजे फार. आणि घरची भाषा. मेळघाटातले कोरकू मूल, पालघरचे वारली मूल, नंदुरबारचे पावरी बोलणारे मूल पहिलीत गप्प बसले, तर त्याला शिकण्याची अडचण आहे असे कोणी म्हणू नये. विदर्भातल्या मुलाने 'डोळा'ला 'डोया' म्हटले तर तो उच्चारदोष नाही, त्याची आजीही तसेच म्हणते. घरच्या भाषेत ते गोष्ट सांगते का, दोन सूचना एकामागून एक पाळते का, हे त्या भाषेच्या जाणकाराकडून विचारून घ्या. तिथेही अडत असेल, तरच पुढचा विचार.

आता वाचन. अडखळणाऱ्या मुलाला 'अ, आ, इ, ई' पासून 'ज्ञ' पर्यंत मुळाक्षरे घोटायला लावणे ही आपली जुनी खोड. बेचाळीस-पन्नास आकार डोक्यात भरायचे आणि तोवर त्यातून एक शब्दही वाचायला मिळायचा नाही, यात मोठ्या माणसाचाही धीर सुटेल. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत जे काम उभे केले, त्यात अक्षरांचे लहान गट करून लगेच शब्द वाचायला देण्यावर भर आहे. ते तत्त्व घरीही वापरता येते. म, ग, र, न, क, ब ही सहा अक्षरे आणि काना, इतकेच घ्या. एवढ्यात बाबा, काका, मामा, नाक, कान, मका, बाग, राग, काम, गरम, मगर, कमान असे कितीतरी शब्द होतात. 'गरम मका' वाचता आले की पावसाळ्याच्या दिवसांत पहिलीच्या मुलाला दुसरे काय हवे! तीन-चार आठवडे या गटात राहा. मूल न थांबता वाचू लागले की पुढचा गट.

अक्षरांचा क्रम ठरवताना एक पथ्य पाळा: सारखी दिसणारी अक्षरे एकाच आठवड्यात आणू नका. घ आणि ध, भ आणि म, य आणि थ, ब आणि व, ट-ठ-ढ. पुस्तकात ती शेजारी असली तरी आपण त्यांच्यात महिनाभराचे अंतर ठेवू शकतो. आधी 'घर'मधला घ पक्का झाला की मग 'धनुष्य'. दोन्ही एकदम शिकवून 'फरक बघ, नीट बघ' म्हणणे म्हणजे आपणच गोंधळ तयार करून त्याला सोडवायला देणे आहे. 'ख'चा तर वेगळाच घोटाळा, जुन्या वळणाने लिहिला की 'रव' दिसतो. आणि पहिली वेलांटी. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चार मात्र क नंतर. म्हणून कान्यानंतर आधी दुसरी वेलांटी घ्या, ती ऐकू येते त्याच क्रमाने लिहिली जाते. पहिली वेलांटी पुढच्या महिन्यात आली तरी काही बिघडत नाही. रफार तर दुसरीच्या शेवटापर्यंत दूर ठेवा.

बऱ्याच मुलांना अक्षरे ओळखता येतात, पण शब्द लागत नाही. ती 'ना… क…' म्हणतात आणि तुमच्या तोंडाकडे पाहत राहतात. इथे आणखी अक्षरे शिकवून उपयोग नसतो, कारण अडले आहे ते कानात. पुस्तक मिटा. "मी हळू बोलते, तू हात लाव" असा खेळ घ्या: ना… क. का… न. मा… न. मुलाने नाक पकडले की ध्वनी जोडले गेले. मग उलटा खेळ, आता ते तुकडे करणार आणि तुम्ही ओळखणार. शब्दांच्या भेंड्या, म्हणजे शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द, हा याच शिक्षणाचा आपला घरगुती प्रकार आहे आणि एसटीच्या प्रवासात फुकट होतो. वाचनाआधीच्या या कानाच्या तयारीला रोज पाच मिनिटे दिली, तरी महिन्याभरात फरक दिसू लागतो.

लिहिण्याबद्दल थोडेच सांगते. अक्षर वाईट म्हणून पुन्हा पानभर लिहायला लावू नका. बोटांत जोर नसेल तर आधी शेंगा सोलणे, कणकेचे गोळे, रांगोळीचे ठिपके, कपड्यांचे चिमटे लावणे. ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षर काढू द्या, चुकले तर ताट हलवले की पुसले जाते, लाल शाईची खूण राहत नाही. ज्याला लिहिणे फार जड आहे त्याचे उत्तर तोंडी घ्या. आपण त्याचे गणित तपासतो आहोत की हस्ताक्षर, हे आधी ठरवा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या आकारिक भागात तोंडी काम आणि प्रात्यक्षिक ही साधने आहेतच, ती वापरायला कोणाची परवानगी लागत नाही.

गणितात दहाच्या आत पुरेसे खेळल्याशिवाय शंभरकडे धावू नये. चार चिंचोके दाखवून मूठ झाकली, तर न मोजता 'चार' म्हणता येते का? पाचातले दोन झाकले, तर झाकलेले किती ते सांगता येते का? बेरीज-वजाबाकीचा पाया इथे आहे, आडव्या-उभ्या मांडणीत नाही. सापशिडी चांगली, पण तिच्यावरची वाट दर ओळीला उलटी वळते आणि काही मुले तिथेच हरवतात. त्यांच्यासाठी अंगणात खडूने 1 ते 20 अशा सरळ रेषेत चौकटी आखा आणि फाशाचे दान पडेल तितक्या उड्या मारू द्या. 8 वरून 3 उड्या मारून 11 वर उभे राहिलेले पाय हे उत्तर विसरत नाहीत. दोन रंगांच्या मण्यांची, दर दहाला रंग बदलणारी माळ घरी ओवता येते. दहाची नोट आणि एक रुपयाची नाणी घेऊन दुकान-दुकान खेळणे हाही दशक-एककाचा धडाच आहे.

हे सगळे वाचून एखादे गुरुजी म्हणतील, दोन शिक्षक आणि चार वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरायची, एकेका मुलाला वेळ द्यायचा कुठून? खरे आहे. म्हणून सगळा दिवस बदलायला मी सांगत नाही, अर्धा तास मागते. परिपाठानंतरचा अर्धा तास पहिली ते चौथीच्या मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवा: अक्षरवाले, शब्दवाले, वाक्यवाले, गोष्टवाले. 'प्रथम' संस्थेने ही पातळीनुसार गटांची रीत देशभर नेली आहे आणि लहान शाळेत ती उलट सोपी जाते. गोष्टवाले स्वतः वाचतील, वाक्यवाल्यांना चौथीतली एखादी ताई सांभाळील, तुम्ही अक्षर आणि शब्दवाल्यांबरोबर जमिनीवर बसा. गट दर पंधरा दिवसांनी बदलत राहिले पाहिजेत, नाहीतर 'अक्षरवाले' हे नवे 'ढ' होतात.

उरलेल्या दिवसात मूल सगळ्यांबरोबरच असू द्या. विषय तोच ठेवा, त्यातला वाटा बदला. वर्ग 23 अधिक 14 करत असताना बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी कोपऱ्यात रंग भरत बसू नये. आज खिचडीला किती ताटे लागतील, मुली किती, मुले किती, प्रत्येक मुलामागे एक ताट पुरते का, हे ती मोजून येऊ शकते. तीही बेरीजच आहे, आणि तिच्या मोजण्यावर सगळ्यांचे जेवण मांडले जाते. स्वमग्न मुलाला 'आता पुढे काय' हे कळले नाही की तो बिथरतो. परिपाठ, गोष्ट, खिचडी, खेळ, घर अशी पाच चित्रे दोरीला चिमट्याने लावा आणि एकेक संपले की त्याच्या हाताने काढून घ्या. ज्या दिवशी क्रम बदलणार असेल, त्या दिवशी चित्रही आधीच बदला आणि त्याला दाखवा. चंचल मुलाला दहा मिनिटांनी फळा पुसण्याचे, खडू वाटण्याचे काम द्या. ते उठणारच आहे, कामासाठी उठू दे.

अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळा कुरणात गेली. मुलाने अभ्यासक्रमापर्यंत यावे की अभ्यासक्रमाने मुलापर्यंत, या वादाचा निकाल महाराष्ट्रात त्यांनी तेव्हाच लावला होता, आपण तो विसरलो इतकेच.

पालकांना दोन-तीन गोष्टी. पहिलीतल्या मुलाला शिकवणी लावू नका. शाळेत जे कळले नाही तेच पुन्हा त्याच पद्धतीने आणखी दोन तास ऐकायला लावण्याने ते फक्त थकते. घरी रोज दहा मिनिटे, ठरलेल्या वेळी, ते ताजे असताना. रात्री जेवणानंतर नाही. त्याला येणाऱ्या गोष्टीने सुरुवात, मधे एकच नवे, शेवटी पुन्हा येणारे. रडू आले तर त्या दिवशी बंद, दुसऱ्या दिवशी पायरी लहान करा. धाकट्या भावाशी तुलना त्याच्यासमोर करू नका, आणि पाहुण्यांसमोर तर 'याला काही येत नाही हो' अजिबात नाही. वाचून दाखवणे मात्र दहा मिनिटांच्या हिशोबात धरू नका, ते कितीही चालेल. मूल स्वतः वाचू शकत नाही म्हणून त्याने गोष्टींनाही मुकावे, असे कुठे आहे?

आता प्रमाणपत्राचा प्रश्न. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये झाला आणि दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, त्यात अध्ययन अक्षमता आली. पण तिचे निदान सहसा आठ वर्षांच्या आसपास, म्हणजे तिसरीच्या सुमारास होते, कारण त्याआधी अनेक मुले नुसती उशिरा उमलणारी असतात. बहिरेपण, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता यांना मात्र थांबायचे कारण नाही, त्यांची तपासणी जितकी लवकर तितकी बरी. शिक्षकांसाठी एनसीईआरटीने 2022 मध्ये 'प्रशस्त' ही पडताळणी सूची आणि अ‍ॅप दिले आहे. त्यातला पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा विशेष शिक्षकाने. ते निदान नव्हे, पुढे कोणाला दाखवायचे हे ठरवण्याचे साधन. इथे दोन टोकांच्या चुका होतात. काही पालक सहाव्या वर्षीच 'एलडीचे सर्टिफिकेट' मागायला धावतात. काही शाळा 'तिसरीत बघू' म्हणून दोन वर्षे काहीच करत नाहीत. मदतीला प्रमाणपत्र लागत नाही. ते सवलतींसाठी लागते, रव्याच्या ताटासाठी नाही.

मदतीची नोंद कशी ठेवायची, तेही सांगते. गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक वैयक्तिक शिक्षण आराखडा करून देतात, पण ते महिन्यातून एखाद्या वेळी येतात, रोजचे काम तुमचे. मोठे तक्ते नकोत. दोनशे पानी वहीत एका मुलाला दोन पाने. समजा दुसरीतल्या मुलीला काना असलेले दोन अक्षरी शब्द लागत नाहीत. वर लिहा: 'तीन आठवड्यांत, दिलेल्या 10 शब्दांपैकी 8 न सांगता वाचेल.' खाली रोजची तारीख आणि आकडा: 2, 2, 3, 3, 5. दुसऱ्या आठवड्यातही आकडा हलला नाही, तर मुलीला नव्हे, पद्धतीला दोष द्या आणि बदला. शब्द वाचण्याऐवजी ध्वनी जोडण्याच्या खेळाकडे मागे या, किंवा अक्षरे सहाची चार करा. 'प्रगती समाधानकारक' असे लिहिलेल्या नोंदीतून पुढच्या माणसाला काहीच कळत नाही, 'मका वाचते, कमान वाचताना न गाळते' यातून सगळे कळते.

पालकसभेच्या दिवशी हीच वही आईसमोर उघडा. 'तुमची मुलगी मागे आहे' म्हणण्यापेक्षा 2 वरून 5 वर गेलेला आकडा दाखवला, की घरी कोणते शब्द घ्यायचे हे ती आपणहून विचारते.

आणि मे महिन्यात, निकालपत्रक दिल्यावर, तिसरीच्या बाईंसाठी अर्धे पान लिहून ठेवा. उन्हाळ्यात शिक्षकांच्या बदल्या होतात, जूनमध्ये नवा माणूस येतो आणि त्या मुलाची ओळख पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्या अर्ध्या पानावर इतकेच पुरे: उजव्या कानाने कमी ऐकते, डाव्या बाजूने बोला. घ येतो, ध अजून घेतलेला नाही. पन्नासपर्यंत 'चाळीस तीन' असे म्हणून लिहिते, त्रेचाळीस म्हटले की गोंधळते. ताटे मोजण्याचे काम तिच्याकडे आहे, ते काढून घेऊ नका.